फोकवेज रेकॉर्ड्स : एकही रेकॉर्ड यादीतून न काढणारा मोझेस आश

अनवट

मध्यंतरी इथे 78च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवर चर्चा रंगली होती. तेव्हा कुणीतरी विचारलं होतं, की कंपन्या स्वतःच्याच जुन्या रेकॉर्डी अशा मारून का टाकतात? खप थांबला की यादीतून नाव गायब, मास्टर, म्हणजे मूळ मुद्रण, कुठे गेला त्याचा पत्ता नाही, आणि तीस वर्षांनी तेच गाणं ऐकायचं तर कुणाच्या तरी माळ्यावरची ट्रंक उघडायची. तिथे उत्तर लिहायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतोय.

न्यूयॉर्कमध्ये एक माणूस होता, मोझेस आश. 1948 ते 1986 या काळात त्याने फोकवेज रेकॉर्ड्स या आपल्या लेबलवर 2168 अल्बम काढले. म्हणजे सरासरी आठवड्याला एकाहून जास्त. आणि त्यातला एकही त्याने बंद केला नाही. वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या प्रती जाणारी रेकॉर्डसुद्धा मागितली की मिळायची. यावर कुणी छेडलं तर तो विचारायचा, एखादं अक्षर कमी वापरात आहे म्हणून तुम्ही ते शब्दकोशातून काढून टाकता का?

हे वाक्य फोकवेजबद्दलच्या प्रत्येक लेखात येतं, पण ते पाळायला धंद्यात काय काय करावं लागलं ते फारसं कुणी सांगत नाही. मला तेच सांगायचंय.

आशचा जन्म 1905चा, वॉर्साचा. वडील शोलेम आश हे यिडिश या ज्यूंच्या भाषेतले नावाजलेले कादंबरीकार आणि नाटककार. कुटुंब पॅरिसमार्गे न्यूयॉर्कला आलं. घरात सगळं साहित्याचं वातावरण, पण या मुलाचा जीव व्हॉल्व्ह आणि तारांमध्ये. रेडिओचं तंत्र शिकायला तो जर्मनीला गेला. तिथले सोबती म्हणायचे, अमेरिकेला कसली आलीय लोकसंस्कृती! सुट्टीत पॅरिसला गेला असताना नदीकाठच्या जुन्या पुस्तकांच्या गाळ्यावर त्याला जॉन लोमॅक्सने गोळा केलेल्या काउबॉय गाण्यांचं पुस्तक हाती लागलं, आणि त्या पोरांना द्यायचं उत्तर मिळालं.

परत आल्यावर रेडिओ आणि ध्वनिक्षेपकाची कामं. डब्ल्यूईव्हीडी नावाच्या न्यूयॉर्कच्या रेडिओ केंद्रासाठी काम करताना त्याच्या लक्षात आलं, की यिडिश कार्यक्रमात वाजवायला धड रेकॉर्डीच नाहीत. मग आपणच का करू नयेत? याच सुमारास वडिलांबरोबर तो प्रिन्स्टनला आइन्स्टाइनचा एक संदेश मुद्रित करायला गेला होता. युरोपातल्या ज्यूंना मदत करा, असं आवाहन होतं ते. आइन्स्टाइनने या तरुणाची चौकशी केली आणि हे ध्वनिमुद्रणाचं काम सोडू नकोस म्हणून पाठ थोपटली. आश हा प्रसंग आयुष्यभर सांगत असे.

1940च्या आसपास आश रेकॉर्ड्स सुरू झालं. 1941 मध्ये त्याने लेडबेली या काळ्या लोकगायकाकडून मुलांची खेळगाणी गाऊन घेतली. लेडबेली खुनाच्या गुन्ह्यात तुरुंगात जाऊन आलेला. एका बड्या स्तंभलेखकाने बोंब ठोकली, की खुन्याची गाणी मुलांना ऐकवताहेत. त्या गदारोळामुळेच या चिमुकल्या कंपनीचं नाव पहिल्यांदा लोकांच्या कानावर गेलं. 1944 च्या वसंतात लोकगायक वुडी गथ्री आला. व्यापारी जहाजावरची नोकरी, बरोबर गाणारा मित्र सिस्को ह्यूस्टन. थोड्याच दिवसांत दोघांनी शंभराहून अधिक गाणी त्या खोलीएवढ्या स्टुडिओत गाऊन टाकली. ‘धिस लँड इज युअर लँड’ त्यातलंच.

पुढे डिस्क नावाची दुसरी कंपनी काढली आणि ती बुडाली. गायक नॅट किंग कोलच्या नाताळच्या रेकॉर्डीवर मोठी रक्कम लावली, हिमवादळात माल अडकला, दुकानात पोचेपर्यंत सण उलटून गेला, असं सांगतात. दिवाळं निघालं. आशला स्वतःच्या नावावर नवा धंदा सुरू करणं अवघड होतं. म्हणून 1 मे 1948 ला फोकवेज उघडली ती त्याच्याबरोबर पहिल्यापासून काम करणाऱ्या मरियन डिस्लरच्या नावावर. कागदोपत्री ती अध्यक्ष आणि हा सल्लागार. 1964 मध्ये ती वारली तोवर पत्रव्यवहार, हिशोब, छपाई, तगादे, सगळं तिच्या टेबलावरून जायचं. फोकवेज आशची म्हणतात ते खरं, पण डिस्लरशिवाय ती दोन वर्षंसुद्धा टिकली नसती असं माझं स्पष्ट मत आहे.

आता धंद्याची गोष्ट. डिस्क बुडाल्यावर आशने हिटच्या मागे लागणं कायमचं सोडलं. हिट म्हणजे हजारो प्रती आगाऊ छापायच्या, उधारीवर वाटायच्या आणि परत आलेल्या मालाखाली गाडलं जायचं. त्याऐवजी तो थोड्या प्रती काढायचा, कधी शे-दोनशेच. संपल्या की पुन्हा तेवढ्याच. कव्हर म्हणजे खरबरीत काळा पुठ्ठा आणि त्यावर गुंडाळून चिकटवलेला एक-दोन रंगांत छापलेला मॅट कागद. स्वस्तातलं काम, पण रोनाल्ड क्लाइनसारखा माणूस ते करायचा. त्याने फोकवेजची 500हून जास्त कव्हरं केली, आणि ती आज पाहिली तरी नजर हटत नाही. पुठ्ठ्यात रेकॉर्डीबरोबर एक पुस्तिका असायची : गाण्याचे शब्द, गाणारा कोण, कुठे मुद्रण केलं, वाद्य कसं असतं. या पुस्तिकेमुळे शाळा आणि ग्रंथालयं हे त्याचं हक्काचं गिऱ्हाईक झालं. ग्रंथालयाला या आठवड्यात काय गाजतंय याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला पाच वर्षांनीही तीच रेकॉर्ड मागवता यायला हवी असते. म्हणजे काहीही बंद न करणं हे आशचं तत्त्व होतंच, पण त्याचा व्यापारही त्यावरच उभा होता. रेकॉर्डींची किंमत इतरांपेक्षा चढी असायची, आणि ती चढी ठेवल्याशिवाय हे गणित जमलंही नसतं.

यादीत काय नव्हतं? लोकगायक पीट सीगरचे पन्नासच्या वर अल्बम, तेही सरकारी चौकशीमुळे त्याला रेडिओ-टीव्हीची दारं बंद असताना. लँग्स्टन ह्यूजचं कवितावाचन. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांचं आत्मकथन, 1961 मध्ये खुद्द आशने समोर बसून मुद्रित केलेलं. प्रयोगशील संगीतकार जॉन केज. उत्तर अमेरिकेतल्या बेडकांचे आवाज. भंगारवाड्याचे आवाज. स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारं हृदय. स्वरयंत्र काढल्यावर माणसं पुन्हा बोलायला कशी शिकतात, याचीसुद्धा एक रेकॉर्ड आहे. मी ती पूर्ण ऐकली. नव्याने बोलायला शिकणाऱ्या माणसाला आपल्यासारखा दुसरा माणूस ऐकायला मिळणं किती मोलाचं असेल, ते ऐकताना कळतं. किती खपणार हा प्रश्न आधी विचारला असता तर ती निघालीच नसती.

आणि 1952 चा तो सहा एलपींचा संच, ‘अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक’. हॅरी स्मिथ नावाचा विशीतच रेकॉर्डींच्या मागे वेडा झालेला संग्राहक पैशांची चणचण म्हणून आपला संग्रह विकायला आशकडे आला. आशने त्यालाच सांगितलं, यातली निवड तू कर. स्मिथने साधारण 1927 ते 1932 च्या दरम्यान निघालेल्या व्यावसायिक रेकॉर्डींतून 84 गाणी निवडली. विजेच्या मायक्रोफोनने आवाज नीट पकडता यायला लागला तेव्हापासून मंदीने बाजार बसला तोपर्यंतचा हा काळ. कथागीतं, नाच-प्रार्थनेची सामूहिक गाणी आणि बाकीची गाणी असे तीन भाग. प्रत्येक गाण्याचा सारांश त्याने वर्तमानपत्राच्या मथळ्यासारखा एका ओळीत लिहिला. उंदीर-बेडकाच्या लग्नाच्या गाण्याखाली नातेवाइकांची संमती असल्याची बातमी आहे!

त्याने आणखी एक मोठं काम केलं. कंपन्या तेव्हा काळ्या गायकांच्या आणि गोऱ्या गायकांच्या याद्या वेगवेगळ्या छापत. स्मिथने कोण कुठल्या वंशाचा हे कुठेच लिहिलं नाही. मिसिसिपी जॉन हर्ट गोरा डोंगरी गायक आहे असं लोक कित्येक वर्षं समजत होते. 1963 मध्ये हर्ट जिवंत सापडला, शेतावर काम करणारा, सत्तरीचा, आणि बोटं अजून तशीच गोड.

इतर गोष्टी प्रतिसादांत बोलू.

नीरा

किती दिवसांनी असा धागा! वाचनखूण साठवली.

मरियन डिस्लरबद्दल लिहिलंत हे फार बरं केलंत. अशा प्रत्येक संस्थेच्या गोष्टीत एक बाई असते जिच्या सहीवर सगळं चालतं आणि इतिहासात तिचं नाव तळटीपेत जातं. तिच्याबद्दल अजून काही वाचायला मिळेल का?

माझ्या मुलीसाठी एला जेंकिन्सची गाणी लावते, ती फोकवेजचीच ना? ती एक ओळ म्हणते, मुलं तीच ओळ परत म्हणतात. बालवाडीत हे इतकं सहज चालतं.

अनवट

नीराताई, हो, फोकवेजचीच. पहिला अल्बम 1957 चा, आणि या लेबलच्या सर्वाधिक खपलेल्या रेकॉर्डींत तिचं ‘यू विल सिंग अ साँग अँड आय विल सिंग अ साँग’ येतं. 2024 मध्ये गेली, वयाची शंभरी पूर्ण करून. आश गेल्यावरही ती याच लेबलवर राहिली.

डिस्लरबद्दल स्वतंत्र पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. आशच्या चरित्रात ती जागोजागी भेटते.

डोंबिवलीकर

उत्तम लेख. युद्धाच्या काळातला एक धागा यात जोडतो, कारण तो थेट आपल्याकडे येतो.

78च्या तबकड्या लाखेच्या असत, आणि जगाची बहुतेक लाख जायची हिंदुस्थानातून, मुख्यतः छोटानागपूरच्या जंगलांतून. पळस-कुसुमाच्या फांद्यांवर किडे सोडायचे, फांद्या खरवडायच्या, ती वितळवून पापुद्रे करायचे. युद्धात जहाजं अडली आणि लाख लष्करी कामाला लागायला लागली, तेव्हा 1942 मध्ये अमेरिकेत रेकॉर्ड कंपन्यांच्या लाखेवर कडक निर्बंध आले. युद्धापूर्वी किती वापरत होतात त्यावर कोटा. आशची कंपनी नवी, त्यामुळे कोटा जवळपास नाहीच. म्हणून त्याने स्टिन्सन नावाच्या कंपनीशी भागीदारी केली. त्यांच्याकडे लाख, याच्याकडे लेडबेली आणि गथ्री. युद्ध संपल्यावर भागीदारी मोडली, आणि त्या मास्टरांवर दोघंही हक्क सांगत राहिले. एकच मुद्रण दोन लेबलांवर का दिसतं, याचं कोडं जुन्या गथ्री-लेडबेलीच्या रेकॉर्डी जमवणाऱ्यांना पडतं, त्याचं मूळ इथे आहे.

झारखंडात झाडावर चढून फांदी तोडणाऱ्याला आपण न्यूयॉर्कमध्ये कोण गाणार हे ठरवतोय याची कल्पना असणं शक्यच नव्हतं.

अनवट

वा! डोंबिवलीकर, हे मुख्य लेखातच यायला हवं होतं. नॉर्मन ग्रँझची ‘जॅझ अॅट द फिलहार्मोनिक’ ही जॅझ मैफलींच्या रेकॉर्डींची मालिका पहिल्यांदा आशने काढली, तीही याच काळात, 1945 मध्ये.

गावठी कॅसेट

लेख आवडला, पण एका गोष्टीवरून लेखक हलकेच पुढे गेलेत. गायकांना पैसे किती मिळाले?

माझा मामा भजनी मंडळात गायचा. नव्वदीत एका कंपनीने त्यांची कॅसेट काढली. हातात एकदा रक्कम टेकवली, कागदावर सह्या घेतल्या, विषय संपला. ती कॅसेट पुढे जत्रेत, एसटी स्टँडवर सगळीकडे वाजायची. मंडळाला पुढे कधी एक पैसा आला नाही, हिशोब तर सोडाच. तेव्हा लोकसंगीत जपणारा महान माणूस असं काही वाचलं की माझा पहिला प्रश्न हाच असतो. आशच्या गायकांची तक्रारही नेमकी हीच होती ना? आगाऊ थोडे पैसे, मग रॉयल्टीचा पत्ता नाही. शिवाय तो हॅरी स्मिथचा संच! त्यातली गाणी दुसऱ्या कंपन्यांची होती. परवानगी घेतली होती का?

अनवट

नव्हती घेतली. आशचं म्हणणं होतं, की मोठ्या कंपन्यांनी ही गाणी बाजारातून काढून टाकली, म्हणजे त्यांनी आपला हक्क सोडला. लोकांना आपलं संगीत ऐकायचा अधिकार आहे. कायद्याने हे टिकणारं नव्हतं. 1997 मध्ये तो संच सीडीवर आला तेव्हा रीतसर परवाने घेतले गेले.

रॉयल्टीबद्दल तुमचा मुद्दा पूर्ण बरोबर आहे. बऱ्याच गायकांना वेळेवर काही मिळालं नाही, काहींना पुढे मिळालंच नाही, आणि ते उघडपणे तसं बोललेही. आशची बाजू अशी मांडली जाते, की शे-दोनशे प्रतींच्या रेकॉर्डीतून उरतं काय, आणि जे उरतं ते पुढच्या रेकॉर्डीत जायचं. तो स्वतःही ऐषारामात राहिला नाही. पण त्याने मामांचं समाधान होणार नाही, आणि माझंही होत नाही. 2168 अल्बम उपलब्ध ठेवायचा खर्च कुणीतरी उचलत होतं, आणि त्यातला मोठा वाटा गायकांचा होता. हे म्हटल्याशिवाय आशबद्दलचा आदर पुरा होत नाही.

सातासमुद्रापार

मी वॉशिंग्टनजवळ राहतो, म्हणून पुढचा भाग मी सांगतो.

म्हातारपणी आशला एकच घोर होता, माझ्यामागे हे कोण चालवणार? विकत घेणारे होते, पण त्यांना यादीतलं चांगलं तेवढं ठेवून बाकीचं टाकायचं होतं. आशला ते मान्य नव्हतं. शेवटी स्मिथसोनियन संस्थेच्या राल्फ रिंझलरने बोलणी केली. हा स्वतः मँडोलिन वाजवणारा, दर उन्हाळ्यात आमच्याकडे जो फोकलाइफ महोत्सव भरतो तो सुरू करणाऱ्यांपैकी. अट एकच : सगळे अल्बम कायम मिळत राहिले पाहिजेत, बेडकांसकट. ऑक्टोबर 1986 मध्ये आश गेला आणि 1987 मध्ये संग्रह स्मिथसोनियनकडे आला. पैसा उभा करायला बॉब डिलन, स्प्रिंगस्टीन, यू2, विली नेल्सन अशा बड्या मंडळींनी गथ्री आणि लेडबेलीची गाणी गाऊन एक अल्बम काढला, ‘फोकवेज : अ व्हिजन शेअर्ड’, 1988 चा. त्याला ग्रॅमीही मिळालं.

स्मिथसोनियनने अट पाळली. साठा संपलेला अल्बम कुणी मागितला की आधी कॅसेट करून द्यायचे, मग सीडी, आता डाउनलोड. आणि गावठी कॅसेट, तुमच्यासाठी : हक्कदार शोधून रॉयल्टी देण्याचं कामही नव्या व्यवस्थापनाने हाती घेतलं. उशिरा, पण घेतलं. 2015 मध्ये या संग्रहाची युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत नोंद झाली.

सगळ्यात महत्त्वाचं, त्या सगळ्या पुस्तिका त्यांच्या साइटवर फुकट उतरवून घेता येतात. भारतातूनही.

नीरा

पुस्तिका फुकट! आज रात्रीची झोप गेली.

भारतातलं काही आहे का त्यांच्या यादीत?

सातासमुद्रापार

आहे. मला आवडतो तो आलाँ दानिएलू यांनी मुद्रित केलेला ‘रिलिजस म्युझिक ऑफ इंडिया’, 1952 चा. दानिएलू तेव्हा बनारसला गंगेच्या घाटावर राहत होते, स्वतः वीणा शिकले होते. पाहुण्याच्या कानाने घाईघाईत टिपलेलं ते काम नाही, हे ऐकताना जाणवतं. बाकी आफ्रिका, इंडोनेशिया, कॅरिबियन बेटं, सगळीकडचं आहे. हेरॉल्ड कोरलँडर यांनी ही जगभरची मालिका संपादित करायला सुरुवात केली.

रानभूल

डिलनचा उल्लेख आला म्हणून. न्यूयॉर्कला आल्यावर त्याला फोकवेजवरच रेकॉर्ड काढायची होती, हे त्याने आत्मचरित्रात लिहिलंय. जमलं नाही, कोलंबिया या मोठ्या रेकॉर्ड कंपनीने घेतला. पण 1963 च्या एका फोकवेज रेकॉर्डीवर तो ब्लाइंड बॉय ग्रंट या टोपणनावाने गायलाय, कारण करार दुसरीकडे होता.

लेखात एलिझाबेथ कॉटनचं नाव नाही याचं आश्चर्य वाटलं. गिटार वाजवणाऱ्या माझ्यासारख्यांना फोकवेज माहीत झाली ती तिच्यामुळे.

अनवट

रानभूल, तुम्हीच लिहा. माझ्यापेक्षा तुम्हाला त्यातलं जास्त कळतं.

रानभूल

बरं, लिहितो.

कॉटनचा जन्म 1893 चा, नॉर्थ कॅरोलिनाचा. लहानपणी भावाचा बँजो आणि मग स्वतःच्या कमाईतली गिटार, सगळं स्वतःच शिकली. ती डावखुरी. पण तारा उलट्या न लावता तिने उजव्या हाताची गिटारच उलटी धरली. त्यामुळे जाड तारा खाली आणि बारीक वर. आपण खर्जाचा ठेका अंगठ्याने धरतो आणि वरची चाल बोटांनी वाजवतो. तिचं उलटं : ठेका बोटांनी, चाल अंगठ्याने. आता तिचं काही वाजवायला बसलात की कळेल, सूर सगळे बरोबर येतात पण वजन येत नाही. अंगठा जड असतो, त्याने वाजवलेली चाल वेगळीच ठसते. मी बरेच महिने डोकं आपटून शेवटी एवढंच करतो, की चालीच्या तारांवर बोट मुद्दाम जोरात टाकतो. थोडं जवळ जातं.

‘फ्रेट ट्रेन’ तिने अकरा-बारा वर्षांची असताना रचलं. मग लग्न, संसार, चर्च, आणि गिटार बाजूला पडली ती अनेक वर्षं. पन्नाशी ओलांडल्यावर ती एका दुकानात कामाला असताना हरवलेली एक छोटी मुलगी तिला सापडली, तिने ती आईकडे पोचवली. ती पेगी सीगर, पीट सीगरची सावत्र बहीण. त्या घरी कॉटन घरकामाला लागली. एक दिवस भिंतीवरची गिटार काढून वाजवताना तिला मुलांनी पाहिलं. मग पेगीचा भाऊ माइक सीगर याने कॉटनच्या घरी जाऊन मुद्रण केलं, आणि 1958 मध्ये फोकवेजने अल्बम काढला.

गावठी कॅसेट, तुमच्या मुद्द्याला धरून : त्याच सुमारास इंग्लंडमध्ये ‘फ्रेट ट्रेन’ गाजत होतं आणि रचनाकार म्हणून दुसऱ्याच दोघांची नावं लागली होती. पुढे तिचा हक्क मान्य झाला. पीट सीगरच्या घराण्याशी असलेली ओळख कामाला आली असेल, पण तिच्याच आवाजातली, तिच्या नावाची रेकॉर्ड बाजारात होती हेही काही कमी नाही. वयाची नव्वदी ओलांडल्यावर तिला ग्रॅमी मिळालं.

गावठी कॅसेट

मान्य. मामांच्या कॅसेटवर तर गायकांची नावंसुद्धा नव्हती, नुसतं मंडळाचं नाव.

रानभूल, तो अंगठ्याचा प्रकार व्हिडिओत दाखवता येईल का?

डोंबिवलीकर

अनवटराव, एक विचारायचं राहिलं. एवढा साठा त्याने जपला, त्याचा काही अनपेक्षित फायदा झाला का? म्हणजे न काढलेलं, न छापलेलं काही नंतर सापडलं का?

अनवट

झाला, आणि मोठा झाला. गथ्रीचं ‘धिस लँड’ शाळाशाळांत गायलं जातं, पण त्यातलं खासगी मालमत्तेच्या पाटीबद्दलचं कडवं सहसा गाळतात. पाटीच्या एका बाजूला मनाईचा हुकूम, आणि दुसऱ्या बाजूला काहीच लिहिलेलं नाही, तीच बाजू आपली, असा त्याचा आशय. हे कडवं त्याने कागदावर लिहिलं होतं हे माहीत होतं, पण प्रत्यक्ष गायलेलं मुद्रण कुणी ऐकलं नव्हतं. नव्वदीत स्मिथसोनियनमध्ये आशच्या 1944 च्या मूळ तबकड्या टेपवर उतरवताना ते कडवं गथ्रीच्याच आवाजात सापडलं. 1997 मध्ये आश मुद्रणांच्या पहिल्या सीडीवर ते आलं.

त्या तबकड्या दिवाळ्यातून, भागीदारीच्या भांडणातून आणि स्टुडिओच्या स्थलांतरांतून वाचल्या होत्या. स्टिन्सनबरोबरच्या वाटणीत ती एक तबकडी पलीकडे गेली असती तर काय झालं असतं, कुणास ठाऊक.

रानभूल

व्हिडिओ रविवारी टाकतो. गिटार उलटी धरून नाही जमणार, सरळ धरूनच दाखवतो. ‘फ्रेट ट्रेन’ची पहिली ओळ आधी आपल्या पद्धतीने आणि मग तिच्या वजनाने, दोन्ही सावकाश.